श्रावणातला जामीन

माडवेळच्या कुबलवाडीत घरं बावीस. त्यातली एकवीस कुबलांची आणि बाविसावं इंदूताई गिरप यांचं. त्यांच्या आजोबांनी कधीकाळी एका कुबलाकडून जागा घेतली होती, तेवढं हे एक वेगळं आडनाव वाडीत टिकून होतं. इंदूताईंनी तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षं बेलिफची नोकरी केली. समन्स बजावायचं, नोटीस दाराला डकवायची, जप्तीला जायचं. 'धनी घरात नाहीत' असं कुणी म्हटलं, की चुलीवर किती माणसांचा भात शिजतोय ते बघून त्या ओटीवर बसकण मारत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी त्या पाणंदीतून येताना दिसल्या की काहीही न केलेली माणसंसुद्धा दार लोटून घेत.

त्यांच्या समोरच्या घरातला बाबल कुबल हा याच्या उलट. तो जहाजावरचा आचारी. चौतीस वर्षं दर्यावर काढून, पंधरा देशांचं मीठ खाऊन, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तो घरी येऊन बसला होता. बायको आठ वर्षांपूर्वी गेलेली. बोलायला लागला की समोरच्याची चहाची तल्लफ मरेपर्यंत थांबत नसे. इंदूताई त्याच्याशी बत्तीस वर्षं धड बोलल्या नव्हत्या. कारण वाडीला तोंडपाठ होतं. तरुणपणी बाबलनं त्यांना मागणी घातली, त्यांनी 'दर्या सोडशील तर हो' म्हटलं, त्यानं 'सोडला' म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी मुंबईहून जहाज पकडलं. चार वर्षांनी भेटवस्तू घेऊन परत आला, तेव्हा ताईंनी ती वस्तू पोस्टानं त्याच्याच घरी परत पाठवली. घर तीस पावलांवर होतं.

तर २०४३ सालच्या उन्हाळ्याच्या शेवटी या बाबलला अटक झाली. गुन्हा होता समुद्री चाचेगिरीचा. वाडीनं आधी पोटभर हसून घेतलं, आणि मग पोलिसांची गाडी खरंच निघाली तेव्हा रडायला सुरुवात केली.

प्रकरण असं होतं. दोन वर्षांपूर्वी बाबलचं जहाज चाच्यांनी पळवलं होतं. अकरा महिने बावीस खलाशी ओलीस होते, मग सगळे सुखरूप सुटले. बाबल घरी आला तेव्हा वाडीनं त्याची वाजत-गाजत मिरवणूक काढली होती. मात्र सागरी गुन्ह्यांसाठी नव्यानंच स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला ड्रोननं टिपलेली एक चित्रफीत मिळाली. तीत बाबल चाच्यांच्या होडीत बसला होता, शेजारी बंदूक, मांडीवर भलंमोठं पातेलं, आणि चेहऱ्यावर हसू. तो दोनदा त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर गेला आणि दोन्ही वेळा आपल्या पायानं परत आला. ओलीस ठेवलेला माणूस असा हिंडतो का, असा तिथल्या सरकारी वकिलांचा सवाल होता.

अशा आरोपीचा खटला आपल्याकडचं न्यायालय चालवत नाही. त्याला नुसतं धरून ठेवायचं, परदेशातून कागद आले की ते तपासायचे, आणि बरोबर असतील तर माणूस विमानात बसवायचा. तिथं गेलेल्याचा खटला उभा राहायला तीन-चार वर्षं लागतात, तोपर्यंत कोठडी. बाबलला मधुमेह होता. एवढी वर्षं तो तिथं काढू शकेल असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. एकच वाट होती. इथं जामिनावर राहून स्वतःच्या बाजूचे साक्षीदार गोळा करायचे, आणि त्याला ताब्यात देण्याची परदेशाची मागणीच फेटाळली जाईल असं बघायचं.

पण आंतरराष्ट्रीय आरोपीला जामीन कोण देणार? पूर्वी अशांच्या पायात उपग्रहाला कळणारं कडं घालत. एका बड्या आरोपीनं ते कडं कापून कुत्र्याच्या गळ्यात बांधलं. पोलीस दोन महिने त्या कुत्र्यावर पाळत ठेवून होते आणि साहेब दुसऱ्या खंडात मजेत होते. त्यानंतर आला सहवास-जामीन.

त्यामागचं शास्त्र साधं आहे. प्रत्येक माणसाच्या कातडीवर, तोंडात, आतड्यात अब्जावधी जिवाणू असतात, आणि प्रत्येकाचा हा गोतावळा वेगळा असतो. दोन माणसं एका छपराखाली राहू लागली, एका हंडीतलं जेवू लागली, एकाच बाकावर बसू लागली, की त्यांच्या जिवाणूंची देवाणघेवाण सुरू होते. दहा-बारा दिवसांत दोघांच्या घामाचा वास यंत्राला सारखा लागू लागतो. दंडावर टपाल तिकिटाएवढी पट्टी चिकटवायची. ती घामातली रसायनं हुंगते आणि आरोपीचा व जामीनदाराचा मेळ शंभरपैकी किती, ते रोज कळवते. आरोपी पळाला की मेळ घसरतो. कडं कापता येतं, पण घाम कुणाला कापून देणार? पहिल्या पंधरवड्यानंतर मेळ सलग तीन दिवस सत्तरच्या खाली राहिला की जामीन आपोआप रद्द. सुनावणी नाही, तारीख नाही, सरळ विमान. सरकारी कागदात पट्टीचं नाव सहवासमापक होतं. लोक तिला हुंगणी म्हणत.

अट एकच होती. जामीनदार रक्ताचा नातेवाईक नको. नातलगांचा गोतावळा आधीच सारखा असतो, शिवाय पळून जायचं तर ते डबा बांधून देतात. हे ऐकल्यावर एकवीस घरांची तोंडं एकदम बाविसाव्या घराकडे वळली.

इंदूताईंनी वॉरंटची प्रत मागवून दोनदा वाचली आणि सकाळच्या एसटीनं तालुक्याच्या कोठडीत जाऊन बाबलसमोर उभ्या राहिल्या. चाच्यांच्या होडीत बसून हसत कशाला होतास, एवढंच विचारलं.

बाबलनं सांगितलं ते असं. जहाजावरचा सेकंड इंजिनियर तापानं फणफणला होता. चाच्यांच्या म्होरक्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बाबलनं सौदा केला. लग्नाचं जेवण मी करतो, तुम्ही औषध द्या. पहिल्या फेरीत सामान बघून आला, दुसऱ्या फेरीत दोनशे पानं उठवून औषधाची पिशवी घेऊन आला. "थंयचा मीठ ओला, इंदू," तो गजाआडून म्हणाला. "तीन मुठी घातलंय तरी भात अळणी. चवथी घालूक भियालंय, म्हणान वायच कोकम टाकलंय. माझ्याकडे होता थोडा. पोरीच्या आजयेन दोनदा मागून खाल्ल्यान. मी हसू नको तर काय करू?"

तीस वर्षांच्या नोकरीत इंदूताईंनी हजारो थापा ऐकल्या होत्या. थाप मारणारा माणूस मिठाच्या मुठी सांगत बसत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्याच दिवशी कागदावर सही केली. वाटेत एसटीत मात्र स्वतःला चार शिव्या घातल्या.

आषाढ लागला तेव्हा बाबल त्यांच्या पडवीत राहायला आला. दोघांच्या दंडांना हुंगण्या लागल्या. देखरेखीला जामीन निरीक्षक पोहनकर होते, अमरावतीकडचे, तिशीतले, सरळमार्गी गृहस्थ. समुद्र त्यांनी नोकरीनिमित्तच पहिल्यांदा पाहिला होता. मेळ वाढावा म्हणून एका बाकावर बसा, एकमेकांच्या जवळपास वावरा, अशा सूचना त्यांनी खाली बघत वाचून दाखवल्या. इंदूताईंनी त्यांवर पोहनकरांची सही घेऊन त्या भिंतीवर लावल्या.

पहिला आठवडा भांडणात गेला. बाबल पहाटे उठून गायचा. तो भांडी नको तिथं ठेवायचा. चौथ्या दिवशी त्यानं न विचारता स्वयंपाकघराचा ताबा घेतला, आणि इंदूताई काठी घेऊन उठणार एवढ्यात त्याचं सुक्या बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं पानात पडलं. त्या काठी विसरल्या. एकट्या माणसाचं जेवण म्हणजे काय, तर उभ्यानं संपवायचं काम. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बसून, चवीनं, पुन्हा मागून घेऊन खाल्लं. मेळ पंचाहत्तर, ब्याऐंशी असा चढत आषाढाच्या शेवटी एक्क्याण्णववर गेला. पोहनकर म्हणाले, राज्यात एवढा मेळ कुणाचाच नाही. इंदूताई म्हणाल्या, यंत्र बिघडलं असेल. आणि आरशात बघून त्यांनी त्या दिवशी केसांना तेल जरा जास्तच नीट लावलं, हे मी सांगितलं असं कुणाला सांगू नका.

मग श्रावण लागला. श्रावणात इंदूताईंच्या घरात मासळी शिजत नसे, वाटेवरून गेली तरी त्या पदर नाकाला लावत. त्यामागे एक हकीकत होती. त्या सात वर्षांच्या असताना वडलांची होडी श्रावणातल्या तुफानात सापडली. तीन दिवस पत्ता नव्हता. आईनं नवस केला, धनी घरी येऊदेत, श्रावणात मासळीला शिवणार नाही. चौथ्या दिवशी वडील चालत दारात आले. आईनं मरेपर्यंत नवस पाळला आणि तिच्यामागे लेकीनं तो एकेचाळीस वर्षं चालवला. हे सगळं बाबलला पहिल्याच दिवशी सांगून झालं. त्यानं मान डोलावली आणि वालीच्या भाजीत खोबरं जास्त घातलं.

पहिल्या पाच दिवसांत मेळ चौऱ्याऐंशीवर आला. पुढच्या चारांत पंचाहत्तर. सोमवारी अडुसष्ट लागला आणि पोहनकर जीप घेऊन धावत आले. पट्ट्या बदलल्या, तरी अडुसष्टच. यंत्राचं म्हणणं सरळ होतं, ही दोन माणसं एकत्र राहत नाहीत. बाबल दिवसातून एक तास किनाऱ्यावर फिरायला जात असे, तेवढी परवानगी होती. तो जातो कुठं, असं पोहनकरांनी विचारलं, आणि इंदूताईंना मुंबईचं ते जहाज आठवलं. एकदा तीन दिवसांत फिरलेला माणूस. होडीची सोय करत असेल का? कुणाशी बोलत असेल? आपण पुन्हा एकदा याच्या शब्दावर बसलो का? राग आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. पण वाटलं ते नुसतं दुःख, आणि ते किती खोल आहे हे बघून त्या स्वतःच घाबरल्या.

मंगळवारी सकाळी बाबल निघाला, आणि त्याच्यामागे साठ पावलांवर इंदूताई निघाल्या. चुकार माणसाचा माग काढण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. बाबल किनाऱ्याकडे गेला, इकडेतिकडे बघितलं, आणि काजूच्या झाडांमागून वळून चुलतभाऊ परशाच्या मागच्या पडवीत शिरला. परशा म्हणजे वाडीतला एकटाच श्रावण न पाळणारा इसम. इंदूताई भिंतीला लागून पुढे झाल्या. नाकाला पदर लावायचं भान राहिलं नाही, कारण वासानंच त्यांना सगळं सांगितलं.

बाबल उकिडवा बसला होता. पुढ्यात भाकरी, भाजलेला सुका बांगडा आणि सुकटीची किसमूर. इंदूताईंना बघून त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे ताटली हातानं झाकली. मग रंगेहाथ पकडलेल्या आरोपीसारखा उभा राहिला.

"रोज खातंस?" त्यांनी विचारलं.

"रोज," बाबल म्हणाला. "चौतीस वर्सां दर्यार काढलंय, इंदू. मासळीशिवाय माका झोप येणा नाय. तुझ्या घरात नको म्हणान हंय इलंय."

इंदूताई पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. परशाची बायको बाहेर येऊन बघू लागली, कारण बेलिफबाईंना अशा हसताना वाडीत कुणीच पाहिलं नव्हतं. हा माणूस पळत नव्हता. हा नुसता चोरून बांगडा खात होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या, आणि ते पाणी काही सगळंच हसण्याचं नव्हतं.

पोहनकरांनी दिल्लीच्या प्रयोगशाळेला फोन लावला. तिथल्या बाईंनी उलगडा केला. मासळीतल्या एका द्रव्यापासून आतड्यातले जिवाणू ट्रायमिथाइलअमाइन नावाचा वायू तयार करतात आणि तो घामातून बाहेर पडतो. मासळी खाणाऱ्याच्या पोटात हे जिवाणू माजतात, सोडणाऱ्याच्या पोटात उपाशी मरतात. आषाढात दोघं एका हंडीतलं खात होती, म्हणून मेळ उत्तम. श्रावणात एक पोट शाकाहारी आणि दुसरं दुप्पट मासळीवर. हुंगणीनं खोटं काही सांगितलं नव्हतं, तिला फक्त श्रावण ठाऊक नव्हता. बाबलनं आज खाणं सोडलं तरी त्याच्या पोटातले जिवाणू उतरायला दहा दिवस लागतील, असंही बाई म्हणाल्या. आणि मुदत गुरुवारी दुपारी बाराला संपत होती.

पोहनकरांनी त्या परदेशी न्यायालयाच्या जामीन कक्षाला सविस्तर पत्र लिहिलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. श्रावण हा आजार असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे. पोहनकर डोकं धरून पडवीत बसले. कायदा असा आहे, ताई, मी काही करू शकत नाही, असं ते तीनदा म्हणाले.

इंदूताईंनी एकच प्रश्न विचारला. याचं उतरायला दहा दिवस, तर माझं चढायला किती? पोहनकरांनी पुन्हा फोन लावला. जिवाणू उतरतात सावकाश, चढतात झपाट्यानं, असं उत्तर आलं. पोटात बीज असतंच. भरपूर खाल्लं तर दीड दिवस.

बाबलला कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा तो उठून उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात बोलला.

"नाय. तुझ्या आवशीचो नवस मोडूचो नाय. मी जातंय थंय. तुरुंगात पण भटारखानो असतलो."

इंदूताईंना आईचा चेहरा आठवत होता, चौथ्या दिवशी दारात उभी राहिलेली आई, जिनं धन्याला बघून आधी पायांवर पाणी ओतलं होतं. एकेचाळीस श्रावण म्हणजे काही लहान गोष्ट नव्हती. आत कुठंतरी त्यांना भीतीही वाटत होती, ती नाही म्हणण्यात अर्थ नाही.

"आवशीन मासळी सोडल्यान ती कित्याक, बाबल?" त्या म्हणाल्या. "दर्यातलो माणूस घराक येवचो म्हणान. आता माणूस घराक रवाचो म्हणान मी खातंय. नवस तोच आसा. चूल पेटय."

मग बाबलनं जो स्वयंपाक केला तो माडवेळमध्ये अजून सांगतात. ताजी मासळी मिळण्यासारखी नव्हती, नारळी पौर्णिमा व्हायची होती. पण परशाच्या माळ्यावर सुक्या मासळीच्या टोपल्या होत्या, आणि श्रावण पाळणाऱ्या घराघरांतूनसुद्धा दाराआडून केळीच्या पानात बांधलेलं काही ना काही येऊ लागलं. सुकट, सोडे, सुका बांगडा, सुकी मोरी. बाबल रांधत होता आणि नाक पुसत होता, कांदा नसताना. इंदूताई देवापुढं दिवा लावून आल्या, आईच्या फोटोला नमस्कार केला, त्याला मोठ्यानं सगळी हकीकत सांगितली, आणि पानावर बसल्या. त्यांनी पहिला घास घेतला. समोर बाबल बसला होता, तो जेवत नव्हता, नुसता बघत होता.

"मीठ कमी आसा," इंदूताई म्हणाल्या, आणि पडवीत जमलेली वाडी श्वास सोडून हसली.

दीड दिवस त्या खात होत्या. बुधवारी सकाळी एकसष्ट, कारण यंत्र अजून जुन्याच घामावर होतं. दुपारी चौसष्ट. गुरुवारी सकाळी अडुसष्ट. पोहनकर पडवीत फेऱ्या घालत होते, त्यांनी नियमाप्रमाणं जीप तयार ठेवली होती आणि तिच्याकडे बघायचं टाळत होते. साडेअकरा वाजता एकोणसत्तर. बाबलनं शेवटचा बांगडा तव्यावर टाकला. बारा वाजायला चार मिनिटं असताना हुंगणीनं त्र्याहत्तर दाखवला, आणि पोहनकरांनी, जे घरी कांदा-लसूणही खात नसत, तव्यावरच्या बांगड्याचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला. त्यांना तो आवडला हे त्यांनी घरी कळवलं नाही.

पुढचं सगळं सुरळीत झालं. जामीन टिकला म्हणून वेळ मिळाला, आणि वेळ मिळाला म्हणून साक्षीदार सापडले. सेकंड इंजिनियर फिलिपिन्समधल्या आपल्या गावी होता. त्यानं कॅमेऱ्यासमोर शपथेवर सांगितलं की मी आज जिवंत आहे तो या आचाऱ्यानं लग्नाचा भात शिजवला म्हणून. म्होरक्याच्या त्या मुलीनंही जबाब दिला आणि शेवटी न्यायालयालाच विचारलं, की भातात जे आंबट होतं त्याचं नाव काय. कार्तिकात आदेश आला. मागणी मागे, आरोप रद्द.

पोहनकर भर दुपारी आदेश घेऊन आले. त्यांनी दोघांच्या दंडावरच्या पट्ट्या ओल्या कापसानं सोडवल्या. पट्टीखाली कातडीचा तेवढा चौकोन उजळ राहिला होता, बाबलच्याही आणि ताईंच्याही. मग त्यांनी शेवटचा फॉर्म काढला. जामीनदाराची मुक्तता. आजपासून आरोपी व जामीनदार यांच्यावर एकत्र राहण्याचं कोणतंही बंधन उरलेलं नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली दोघांच्या सह्यांच्या जागा होत्या.

बाबलनं पेन घेतलं, आणि ते धरून दाराबाहेर बघत राहिला. समोर तीस पावलांवर त्याचं घर होतं. पाच महिने बंद, अंगणात गवत माजलेलं. इंदूताईंनी फॉर्म त्याच्यासमोरून ओढून घेतला. सवयीनं दोनदा वाचला. त्यांना बाबल आत्ता उठून जाईल असं वाटत होतं, आणि ते त्यांना नको होतं, आणि नको आहे हे तीस वर्षं नोटिसा बजावलेल्या बाईला साध्या शब्दांत सांगता येत नव्हतं. म्हणून त्यांनी कागद पोहनकरांकडे परत सरकवला.

"हेच्यार मी सही करूचंय नाय."

सही केली नाही तर तुम्ही जन्मभर यांच्या जामीनदार राहाल, असं पोहनकरांनी समजावलं. असा जामीन कायद्यात नाही, असंही ते म्हणाले.

"कायद्यात नाय तर नसांदे," इंदूताई म्हणाल्या. मग त्या बाबलकडे वळल्या. "तुका खंय जावचा आसा?"

"खंयच नाय," बाबल म्हणाला.

"मगे हात धू. पानां वाढतंय."